मुरलेला गडी

वाटूरच्या अंभोऱ्यांच्या घरी मच्छिंद्राची सुपारी फुटायची होती, आणि नेमक्या त्याच आठवड्यात जुन्या जालन्यात दवंडी फिरली.

कापसाच्या जिनाचा सेठ दर साली हंगाम उरकला की जिनाच्या आवारात जलसा भरवायचा. आधी कुस्त्या, मग कव्वाली, आणि शेवटच्या दिवशी दोरीच्या चौकात मुक्केबाजी. हलगीवाला गल्लोगल्ली ओरडत गेला, "अजमत, पलटणीचा नामी मुक्केबाज! मुकाबला कडूबा वाटूरकर, पुराना मुक्केबाज!" पुराना म्हणताना त्यानं हलगीवर एक जास्तीची टिपरी हाणली आणि धान्याच्या आडतीवरचे हमाल हसले.

ही बातमी, हसण्यासकट, कडूबाच्या आधी वाटूरला पोचली.

कडूबा आणि सगुणाबाई सुपारीच्या तयारीला म्हणून जालन्याहून आले होते. सकाळची जेवणं उरकल्यावर काकासाहेबांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. काकासाहेब कडूबाचे थोरले भाऊ. बाप गेल्यापासून घराचा कारभार, शेतीवाडी, सोयरीक-धायरीक सगळं त्यांच्याच शब्दानं चालायचं. ते घोंगडीवर बसले. कोपऱ्यात गोजरआत्या हरभऱ्याच्या ढाळ्याचे घाटे सोलत होती. काकासाहेबांचा लेक मच्छिंद्र खांबाला टेकून उभा होता. सुपारी त्याची, पण अशा बैठकीत त्याला विचारतं कोण? सगुणाबाई माजघराच्या उंबऱ्याआड थांबली. तिच्या मागं तिची थोरली जाऊ नंदाबाई, हाताला पीठ लागलेलं, तशीच येऊन उभी राहिली.

"कडू," काकासाहेब म्हणाले, "मंठ्याचे सोयरे शुक्रवारी येऊन राह्यले. आन् तू बेस्तरवारी जिनात मार खाणार. तोंडाचा भोपळा घेऊन सुपारीला कसा बसशील?"

"मार खाणार हे तू आधीच ठरवलं का दादा?"

"मी काय ठरवायचं? सारा मुलूख ठरवून बसलाय. ते पोरगं पंचविशीतलं. तू चाळिशी ओलांडलेला. आरे, आता तुझं नातवंडं खेळवायचं वय झालं. हे दोरीच्या चौकात नाचायचं वय हाय का?"

सगुणाबाई खाली बघत होती. खरं सांगायचं तर तिलाही हा मुकाबला नको होता. परतूर ठेसनावर उतरेपर्यंत तिनं गाडीत तेच लावून धरलं होतं. आणि आल्या आल्या काकासाहेबांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सगुणा, तू अडव त्याला. तुझं ऐकतो तो." तिनं होकारार्थी मान हलवली होती. आता काकासाहेबांनीच विषय काढला म्हणताना तिला सुटल्यासारखं झालं होतं.

"झालं काय, ते तर आयक," कडूबा म्हणाला. तो भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला होता. नाकाचं हाड कधीचं मोडून एका बाजूला गेलेलं, डावा कान जाड, पण आवाज मऊ. "उस्तादांना आता दिसत न्हाई. त्यांनी समद्या पोरांसमोर सांगितलं, माझ्यामागं तालीम कडू बघंल, कडू पुख्ता हाय. अजमत रजेवर आल्ता. तो तिथंच उभा. म्हनला, बूढ़ा होना अलग, पुख्ता होना अलग. चाचा बूढ़े हो गए, बस. पोरं हसली."

"हसली तर हसली."

"मी बी हसलो. मंग म्हनलं, ये चौकात. बघू कोन काय झालंय."

फकरोद्दीन उस्तादाचं नाव निघालं की काकासाहेबांच्या कपाळावर आठी पडायची. मिसरूड फुटायच्या आत घरातून पळून सिकंदराबादेला गेलेल्या धाकट्या भावाला पलटणीच्या पागेत घोडे धुताना ह्याच माणसानं हेरलं होतं आणि हातात मुक्केबाजीचे मोजे चढवले होते. पेन्शनीत निघून उस्ताद जालन्याला परतला, तसा कडूबाही त्याच्या मागं परतला आणि जिनात पहारेकरी झाला. वाटूरला राहायला मात्र परतला नाही. काकासाहेबांच्या लेखी उस्तादानं त्यांचा भाऊ नेला होता.

"पुख्ता म्हंजे काय?" गोजरआत्यानं विचारलं.

"मुरलेला, आत्या."

"मंग त्यात भांडायचं काय? वय झालं की माणूस मुरतंच. लोणच्यावानी."

कडूबा हसला. "बरणीतलं समदंच लोणचं मुरत न्हाई, आत्या. काही नासतं बी. वर बुरशी येती."

मच्छिंद्रानं खांब सोडला. "नाना शंभरावर मुकाबले खेळले असतील. एवढं खेळलेला माणूस मुरलेलाच म्हणायचा."

"शंभरदा पडलेला बैल मुरलेला होत न्हाई, लंगडा होतो," काकासाहेब लेकावर खेकसले. "जिंकलेले किती ते विचार तुझ्या नानाला."

मच्छिंद्रानं कडूबाकडं पाहिलं. कडूबानं जाड कान खाजवला. "हारलो जास्त," तो म्हणाला.

"आयका!" काकासाहेबांनी हात पसरले. "स्वतःच्या तोंडानं सांगून राह्यला. हारलो जास्त. आरं, आपल्या घरात नांगर धरणारे झाले, पाटीलकीला भांडणारे झाले, एक तर कीर्तनकार बी झाला. पन लोकांच्या पुढ्यात उभं राहून मार खाणं ह्याला कुनी धंदा म्हनलं न्हाई. उभ्या जन्मात ह्यानं मार खाण्याशिवाय काय केलं? माझं खोटं वाटत असंल तर तिला विचारा. सगुणा, सांग. तूच सांग."

सगुणाबाईनं डोईवरचा पदर नीट केला आणि उंबऱ्याच्या अलीकडं आली. आता ती नवऱ्याला 'नको' म्हणणार असं सगळ्यांना वाटलं. तिलाही तसंच वाटत होतं. पण 'मार खाण्याशिवाय काय केलं' हे शब्द तिला सलले होते, आणि त्यांना आधी उत्तर दिल्याशिवाय दुसरं काही बोलता येईना.

"मी लग्न करून आले तवा हे झोपेत बुक्क्या मारायचे," ती म्हणाली.

घरातली बाई नवऱ्याच्या झोपेबद्दल दिरासमोर बोलते, हे वाटूरला नवीन होतं.

"एकदा माझ्या खांद्याला बसली. हात वर जाईना. मी सांगितलं, पाटा उचलताना लचक भरली."

गोजरआत्याचा हात घाट्यांवर थांबला. सगुणाबाई सणाला वाटूरला आली होती तेव्हा त्या खांद्याला एरंडेल चोळलं होतं ते तिनंच.

"मंग मी भिंतीकडं सरकून निजायचे. अशी वर्सं गेली. ह्यांना सकाळी काही ठाव नसायचं, आन् मी सांगितलं न्हाई. मंग कधीतरी ते थांबलं. मार थांबला म्हनून न्हाई. मार तर जास्तच खाऊन यायचे. परभणीच्या उरुसाहून आले तवा एक डोळा पार मिटला होता. पन रातभर हात छातीवर घेऊन निजले, तान्ह्या लेकरावानी. तवा माझ्या ध्यानात आलं, ह्यांनी चौकातलं चौकात ठेवून यायला शिकून घेतलं." ती काकासाहेबांकडं वळली. "दादा, मुरलेला कोन आन् नासलेला कोन, ते मला काय ठाव? पन कच्च्या गड्याशेजारी बाईला झोप येत न्हाई. मला येती."

कडूबा तिच्याकडं बघतच राहिला. खांद्याचं त्याला ह्या घडीला पहिल्यांदा कळत होतं.

"मी तुला काय सांगितल्तं?" काकासाहेबांचा आवाज खाली आला. "त्याला अडव म्हनून सांगितल्तं."

"सांगितल्तं. मी व्हय बी म्हनले होते. पन मंग तुम्ही असं बोलले, की ह्यांनी जन्मात काय केलं. ते मला मानवलं न्हाई."

"बरं." काकासाहेब उठले. त्यांना पुढं काय बोलावं सुचत नव्हतं, आणि सुचत नसलं की ते कडक बोलायचे. "मंग माझं बी आयका. चौकात गेलास, तर शुक्रवारी ह्या घरात पाय ठेवू नको. दोघांनी बी. पोराच्या सोयरिकीत मला तमाशा नको."

कडूबानं खुंटीवरचा पटका काढला, गुंडाळला. गोजरआत्याच्या पाया पडला. बायकोला म्हणाला, "चल."

एवढंच. नंदाबाईनं माजघरातून धावत येऊन सगुणाबाईच्या ओच्यात भाकरी आणि ठेचा कोंबला, नवऱ्याकडं न बघता.

*

जालन्यात आल्यावर सगुणाबाईचा धीर सुटला. ओसरीवर बोलून गेली ते गेली. पण अजमत तिनं पाहिला होता. मान आणि खांदे एकच, रेड्यासारखे. दुसऱ्या दिवशी कडूबा जिनावर पहाऱ्याला गेला तशी ती उस्तादाच्या घरी गेली.

आडतीच्या मागच्या बोळात दोन खोल्या. फकरोद्दीन उस्ताद दारातल्या बाजेवर उन्हाला बसला होता. त्याची विधवा लेक ताहेरा चुलीवर चहा करत होती. दोन्ही बायकांची जुनी मैत्री. नवरा किंवा बाप मुकाबल्याला गेला की दोघींनी एकाच चुलीपाशी वाट बघायची, असं सालोसाल चालत आलेलं.

"उस्ताद, मला खरं सांगा," सगुणाबाई म्हणाली. "हे पुख्ता हायेत का?"

म्हातारा हसला. त्याच्या डोळ्यांवर दुधी पडदा आला होता आणि तो तिच्या आवाजाच्या थोडं डावीकडं बघत होता. "बेटी, मला कुणी केलं पुख्ता? माझे उस्ताद वारले. दुसऱ्या रोजी पहाटे, फजरला तालमीत गेलो तर सगळ्यात बुजुर्ग मीच. पोरं माझ्या तोंडाकडं बघायला लागली. बस, झालो."

सगुणाबाईला ह्यात धीर वाटण्यासारखं काही सापडेना. "मंग तुम्ही ह्यांचंच नाव काऊन घेतलं?"

"हां, ते सांगतो." उस्तादानं बशीतला चहा फुंकला. "कडू हारून आला, की दुसऱ्या सकाळी तालीम झाडायला हजर. जिंकून आला, तरी हजर. अजमत माझा लाडका आहे, खोटं कशाला बोलू? माझ्या हातून असा हात दुसऱ्या कुणाला आला नाही. मगर जिंकला की चार रोज गायब, हारला की महिना गायब. तालीम अशा माणसाच्या हवाली कशी करू?" त्यानं बशी खाली ठेवली. "मेरा अंदाजा गलत भी हो सकता है, बेटी. आता डोळ्यांनी बघून तर सांगू शकत नाही."

"मंग चौकाच्या कोपऱ्यात कोन उभं राहील? जास्त झालं तर टॉवेल टाकून मुकाबला कोन थांबवंल? तुम्हाला तर दिसत न्हाई."

ताहेरानं सगुणाबाईच्या हातावर हात ठेवला. "तू आणि मी जाऊ," ती म्हणाली. "सेठनं बायकांसाठी कनात लावलीय. घरी बसून वाट बघायचं बहुत झालं."

सगुणाबाईनं एवढ्या सालांत एकदाही चौक पाहिला नव्हता.

*

बेस्तरवारी दुपार कलल्यावर जिनाच्या आवारात पाय ठेवायला जागा उरली नाही. कापसाच्या गाठींवर माणसं, भिंतीवर माणसं, पत्र्यावर माणसं. मधोमध लाकडी फळ्यांचा चौक, चार खांब, दोऱ्या. सेठ गादीवर बसलेला, शेजारी पंच. कनातीच्या फटीतून सगुणाबाईला चौकाचा एक कोपरा आणि त्यात उस्तादाची पांढरी दाढी दिसत होती. आणि उस्तादाच्या खांद्याला धरून उभा होता मच्छिंद्र.

ती फटीशी सरकली. "मच्छिंद्रा! आरं तू कसा आलास?"

"आगगाडीनं," तो म्हणाला आणि जवळ आला. "काकू, नानाच्या कोपऱ्यात कुनीतरी डोळ्यांचं पाह्यजे का न्हाई?"

"घरी काय सांगून आलास?"

"खरं तेच. बा म्हनले, उद्या तुझी सुपारी. मी म्हनलं, उद्या हाय ना, आज तर न्हाई." तो ओठ आवळून हसला. "बा काही बोलले न्हाईत. आई म्हनली, जल्दी जा, गाडी चुकंल."

पितळी तास वाजला.

पहिल्या दोन फेऱ्यांत कडूबानं काहीच केलं नाही, असं सगळ्यांना वाटलं. कोपरं बरगड्यांना चिकटवून, हनुवटी खांद्यात घालून तो हळूहळू सरकत राहिला. अजमतचे ठोसे त्याच्या दंडांवर, कोपरांवर, टाळूवर बसत होते. गाठींवरून कुणी ओरडलं, "चाचा, लाठी लाके देऊं क्या?" हशा झाला. अजमतनंही त्या आवाजाकडं बघून दात काढले.

तिसऱ्या फेरीत अजमतचा उजवा हात खालून आला. सगुणाबाईला तो दिसलाच नाही. फक्त कडूबाची मान मागं गेलेली दिसली, आणि मग फळ्यांवर अंग आपटल्याचा आवाज आला.

आख्खं आवार उठलं. पंच गिनती करायला लागला. "एक... दो..."

ताहेराची बोटं सगुणाबाईच्या मुठीत चिरडत होती. 'चार'ला कडूबा एका गुडघ्यावर आला. आणि तिथंच थांबला. मान खाली, एक हात फळीवर, जसा शेतकरी वाफ्यात बसून रोप बघतो तसा.

"उठा नाना! उठा!" मच्छिंद्र दोरी हलवत ओरडत होता. टॉवेल त्याच्या दुसऱ्या हातात होता.

कडूबानं मान वर करून पुतण्याकडं पाहिलं आणि नकारार्थी हलवली, सावकाश. टॉवेल नको. उठणं पण एवढ्यात नको. "पाँच... छे..." पलीकडं अजमत दोन्ही हात वर करून चौकभर नाचत होता, गाठींकडं बघून छाती ठोकत होता. "सात... आठ..."

'नौ'ला कडूबा उभा राहिला.

त्याच्यानंतर खेळ बदलला, पण तो बदललेला आधी फार थोड्यांना कळला. चौथ्या फेरीपासून कडूबा अजमतच्या हातांच्या आत शिरला. डोकं त्याच्या छातीला लावलं आणि दोन्ही हातांनी बरगड्यांखाली ठोकत राहिला. फार जोरात नाही. भिंतीत मेख ठोकावी तसं, एकाच जागी. अजमत ढकलायचा, तो परत आत. पाचव्या फेरीत अजमतचे हात खाली यायला लागले. आता हसत कुणीच नव्हतं. "क्या हो रहा है, मियाँ?" उस्ताद मच्छिंद्राला पुन्हापुन्हा विचारत होता, आणि मच्छिंद्राला सांगायचं भान नव्हतं. शेवटी म्हाताऱ्यानंच कान दिला, नुसत्या आवाजावरून ओळखलं आणि दोरीवर थाप मारली. "अंदर! अंदर ही रह!"

सहाव्या, म्हणजे अखेरच्या फेरीच्या शेवटी अजमत कडूबाच्या गळ्यात हात टाकून लोंबकळत होता. तास वाजला तेव्हा तो पडला नाही, ते तास वाजला म्हणून नव्हे, कडूबानं धरलं म्हणून.

पंचांनी अजमतचा हात वर केला. पुराना गडी एकदा पडला होता. ते मोजलं गेलं. अर्ध्या आवारानं टाळ्या वाजवल्या, अर्ध्यानं शिव्या दिल्या. कडूबानं मान डोलावली, जशी बाजारभाव ऐकून माणूस डोलावतो.

मग सेठ चौकात चढला. त्याच्या हातात जरीकाठी शाल होती. ती त्यानं कडूबाच्या घामेजल्या खांद्यांवर पांघरली आणि मोठ्यानं म्हणाला, "जालन्याचे पुराने मुक्केबाज कडूबा आज मैदानाला अलविदा करून राह्यले! ताली!"

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. लोकांना निरोप द्यायला आवडतं.

कडूबानं टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली. मग शाल काढली, नीट चौपदरी घडी घातली आणि सेठच्या हातात परत दिली.

"सेठजी, हार कबूल," तो म्हणाला. ओठ फाटल्यानं शब्द जाड येत होते, पण आवार इतकं गप्प झालं होतं की कनातीआड पण ऐकू आलं. "पन अलविदा मी म्हनलो न्हाई. तुम्हीच म्हनले."

"अरे बाबा, हा मान आहे."

"मान असंल तर पुढल्या साली बोलवा."

सेठ घडी घातलेली शाल घेऊन तसाच उभा राहिला. भिंतीवरून कुणी शिट्टी मारली. मग दुसरी. कनातीत बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सगुणाबाईच्या डोळ्यांना पाणी होतं, पण ती हसत होती आणि आपण हसतोय हे तिला ठाऊक नव्हतं.

नंतर जिनाच्या हौदावर ती त्याचं तोंड धूत होती, तेव्हा अजमत आला. एका हातानं बरगडी धरून, वाकडा चालत. हौदाच्या काठावर टेकला.

"चार की गिनती पे आप ठीक थे," तो म्हणाला. "मैंने देखा. नौ तक क्यों बैठे रहे?"

"नऊपर्यंत देतात," कडूबा म्हणाला. "दिलेलं कशाला सोडू?"

अजमतला हसू आलं आणि हसण्यानं बरगडी दुखली; त्यानं डोळे मिटून घेतले. मग हळू म्हणाला, "वो अंदर घुसना... वो मुझे नहीं आता."

"तुला काऊन येईल? तुला आजवर गरजच पडली न्हाई." कडूबानं सगुणाबाईच्या हातातून ओलं फडकं घेतलं, पिळलं आणि त्या पोराच्या बरगडीवर ठेवलं. "उद्या मी वाटूरला चाललो. परवा सकाळी तालमीत ये. येताना झाडू घेऊन ये."

अजमत काठावरून उठला. "जी," तो म्हणाला.

चाचा म्हणाला नाही, हे सगुणाबाईच्या लक्षात आलं. कडूबाच्या आलं की नाही, त्याच्या सुजलेल्या तोंडावरून काही कळलं नाही.

*

"वाटूरला चाललो म्हनले," परतूरच्या गाडीत बसल्यावर ती म्हणाली. "दादांनी पाय ठेवू नको म्हनून सांगितलंय."

"पुतण्याची सुपारी हाय. बोलावणं कशाला लागतं?"

"मी कुठं नको म्हनले? मी तर ठेवणीतलं लुगडं नेसले." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. थोड्या वेळानं कडूबानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, त्या जुन्या जागेवर, अंदाजानं. जागा चुकली होती. खांदा दुसरा होता. तिनं सांगितलं नाही.

ते पोचले तेव्हा मंठ्याचे सोयरे येऊन बसले होते. ओसरीवर सतरंज्या, मधे पाट, पाटावर तांदूळ. मुलीचा बाप कारभारी बोराडे, त्याचे दोन भाऊ, गावातली चार वडीलधारी माणसं. कडूबा दारात दिसला आणि बोलणं तुटलं. त्याचा एक डोळा काळानिळा, ओठ फाटलेला, गाल वर चढलेला. काकासाहेब अर्धवट उठले. पण ते काही बोलायच्या आत नंदाबाई माजघरातून पाण्याचा तांब्या घेऊन थेट दाराशी आली आणि सगळ्यांसमोर दिराच्या पायांवर पाणी घातलं. पाय धुतलेल्या माणसाला दारातून परत कसं पाठवणार? काकासाहेब खाली बसले.

कडूबा सतरंजीच्या शेवटाला टेकला. मच्छिंद्र आपली जागा सोडून त्याच्या शेजारी जाऊन बसला. सगुणाबाई माजघराच्या दाराशी, गोजरआत्याच्या बाजूला उभी राहिली. "मी सांगते गाडीवरून पडला म्हनून," आत्या कानात कुजबुजली.

कारभारी बोराडे शांत माणूस होता. त्यानं कडूबाला नीट न्याहाळलं. "हे कोन म्हनायचे?"

काकासाहेब हातातली सुपारी बोटांत फिरवत होते. क्षणभर सगुणाबाईला वाटलं, ते गडीमाणूस म्हणून सांगतील. तसं करता आलं असतं.

"माझा धाकटा भाऊ. कडूबा."

"तोंडाला काय झालं?"

गोजरआत्यानं तोंड उघडलं. काकासाहेबांनी तिच्याकडं न बघताच हात वर करून तिला थांबवलं. "काल जालन्याला मुकाबला होता. बुक्क्यांचा. आपल्या पोराएवढ्या गड्याशी खेळला. हारला." सुपारी एकदा फिरली. "पन सहाच्या सहा फेऱ्या खेळला. पडला तर उठला."

हे त्यांना मच्छिंद्रानंच सांगितलेलं असणार. पण ते त्यांनी असं सांगितलं, जसं काही स्वतः दोरीला धरून पाहिलं होतं. कडूबा थोरल्या भावाकडं एका डोळ्यानं बघत राहिला.

सोयऱ्यांत चुळबुळ झाली. कारभाऱ्याचा भाऊ त्याच्या कानाशी काही पुटपुटला. कारभाऱ्यानं मान हलवली, आणि चारचौघांत अवघड विषय गुंडाळायला भला माणूस जसं बोलतो तसं, हसून म्हणाला, "असूं द्या. शौक असतो एकेकाचा. म्हंजे पावणे मुक्केबाज होते म्हना की."

सगळ्यांना हायसं वाटलं. वाट सापडली होती. होते म्हणायचं, आणि पुढं जायचं. काकासाहेबांनी पण तोंड उघडलं, होकार भरायलाच बहुतेक. कडूबा काही बोलू गेला, तर फाटलेल्या ओठातून कळ गेली आणि त्यानं हात तोंडावर धरला.

सगुणाबाईनं उंबरा ओलांडला. सोयऱ्यांपुढं अंभोऱ्यांच्या घरातली बाई कधी बोलली नव्हती. गोजरआत्यानं तिचा पदर धरला, तो तिनं सोडवून घेतला.

"होते न्हाई," ती म्हणाली. "हायेत."

कारभारी बोराड्यानं तिच्याकडं पाहिलं, मग काकासाहेबांकडं. वडीलधारी माणसं खाली बघायला लागली. काकासाहेबांनी घरच्या बाईला आत जा म्हणायची हीच वेळ होती, आणि तो सगळा वेळ त्यांनी जाऊ दिला. मग हातातली सुपारी पाटावरच्या तांदळांवर ठेवली.

"आयकलं न्हवं?" ते सोयऱ्यांना म्हणाले. "हाय. आता हे असं घर हाय आमचं. पोरगी द्यायची का न्हाई ते बोला."